दात पडलेली मुलगी

१

सकाळी अकराच्या सुमारास दादाचा फोन आला तेव्हा मी बाजारात ब्रश घेत होते.

"असशील तशी ये," तो म्हणाला. "त्या काचेवर काय होतं ते सापडलंय मला. फोनवर नाही सांगत. तू आधी खाली बस, मग सांगतो." मागे दार वाजल्याचा आवाज आला. "थांब, कुणीतरी आलंय," म्हणून त्याने फोन ठेवला.

मी पाऊण तासात वर्कशॉपला पोचले. आम्ही भावंडं जुनी पिनबॉल यंत्रं दुरुस्त करतो, स्प्रिंगने लोखंडी गोळी सोडून खेळायची. स्प्रिंगा, तारा, घंट्या दादाच्या. पोपडे येऊन उडालेली चित्रं पुन्हा रंगवून देणं माझं. दार नुसतं लोटलेलं होतं. दादा जमिनीवर पालथा पडला होता आणि त्याच्या पाठीवर यंत्राची उभी पेटी होती. पिनबॉलच्या डोक्यावर ही पेटी बसवलेली असते, तिच्या आत दिवे आणि समोर रंगवलेली काच. काच आधीच काढून माझ्या टेबलावर ठेवलेली होती. पेटी मात्र दादावर.

मी किंचाळले असणार, कारण शेजारचे सुतार धावत आले. त्यांनी पेटी उचलली. दादाचा श्वास चालू होता.

रुग्णवाहिका यायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत मी दादाचा हात धरून नुसती खोलीकडे बघत होते, आणि भीतीने माणसाला नको तितकं स्वच्छ दिसतं. पेटीचे चार बोल्ट जमिनीवर विखुरले होते. दादा बोल्ट नेहमी स्टीलच्या वाटीत टाकतो, आणि त्याआधी पेटीला पट्टा बांधतो. वाटी रिकामी होती, पट्टा खुंटीला तसाच लटकत होता. काचेच्या पुढच्या बाजूला, चार कोपऱ्यांत, चिकटपट्टीचे फाटके तुकडे राहिले होते. म्हणजे दादाने पारदर्शक फिल्म लावून चित्र ट्रेस केलं होतं, आणि तेही पुढून. एरवीची मी असते तर त्याला अडाणी म्हटलं असतं. काचेवरचं चित्र मागच्या बाजूने रंगवतात, म्हणून फिल्मही मागून लावतात. पण ट्रेसिंग माझं काम, दादाने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

फिल्म कुठेच नव्हती. आणि मोरीच्या कट्ट्यावर दोन कप धुऊन पालथे घातलेले होते.

दादाने जन्मात कप धुतलेला नाही.

२

इन्स्पेक्टरबाईंनी सगळं बघितलं आणि अपघात म्हणाल्या.

"बोल्ट सैल झाले असतील."

"सैल नाही, काढलेत. आणि पट्टा?"

"अहो ताई, माणूस एखाद दिवशी विसरतो."

"आणि त्याच दिवशी कप धुतो?"

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं बरं. "तुमचा भाऊ शुद्धीवर येऊ दे. काय झालं ते तोच सांगेल."

हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दादा उठला की सांगेल, हे मला कळत होतं तसं त्या दुसऱ्या माणसालाही कळत असणार. संध्याकाळी वॉर्डातली नर्स म्हणाली, "तुमच्याकडचे कुणी दोनदा फोन करून विचारत होते, डोळे उघडले का म्हणून. नाव नाही सांगितलं." वहिनी आणि मी दोघी तिथेच होतो. आमच्याकडचं फोन करणारं तिसरं कुणी नव्हतं. त्या रात्री आम्हा दोघींचाही डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपची आतली कडी घालून काच तपासायला बसले. चित्र सर्कसचं. तारेवरून चालणारी बाई, सिंह, विदूषक, आणि उजवीकडे वीतभर जागा कोरी. हे यंत्र एका निवृत्त दंतवैद्याने दूरच्या गावातल्या बंद पडलेल्या हॉटेलातून आणलं होतं. आता त्या कोऱ्या जागेत काय होतं ते शोधून काढायचं आणि तसंच रंगवायचं, हे आमच्याकडे आलेलं काम. मी भिंग लावलं. जुना रंग आपोआप उडतो तेव्हा कडा वेड्यावाकड्या होतात, मध्ये ठिपके राहतात. इथे पात्याच्या सरळ रेघा होत्या. जुन्या, धूळ भरलेल्या. चित्र उडालं नव्हतं, कुणीतरी खरवडलं होतं.

अगदी असंच सर्कसचं यंत्र आमच्या बाबांच्या खेळघरात होतं, तिथे लोक पैसे टाकून यंत्रं खेळायला यायचे. तीस वर्षांपूर्वी ते जळालं. बाबाही त्याच आगीत गेले.

इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी दादालाही कधी सांगितलेली नाही. मी तेव्हा सात वर्षांची होते. खेळघराच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या गळ्यात असायचा, बाबा मला लाडाने किल्लेदार म्हणायचे. दुपारी खेळघर बंद झालं की मागच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचं, हे माझं काम. त्या दिवशी सकाळीच माझा पुढचा दात पडला होता आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. बाबांनी मला स्टुलावर बसवून माझं तोंड कागदावर काढून घेतलं. "संध्याकाळी ये, तुला नवा दात बसवून दाखवतो," म्हणाले. मी खुशीत मागचं दार लावलं आणि घरी गेले. बाबा आतल्या खोलीत झोपले. आग पुढच्या बाजूला लागली. बाबा सापडले ते मागच्या दाराशी, आतून.

लोकांनी बाबांच्या सिगारेटला दोष दिला. दुसरी किल्ली नव्हती. बाबांचे मित्र छपाईमामा, त्यांनी मला पोटाशी धरलं आणि कानात सांगितलं, "कुलूप तू लावलंस हे कुणाला म्हणून सांगू नकोस हं. मी आहे ना." मी तोंड मिटलं ते मिटलंच.

एवढा विचार होतोय तोवर दाराची कडी बाहेरून कुणीतरी हलवली.

३

दंतवैद्य होते. उंच, नीटनेटके, आणि त्या दिवशी चेहऱ्याचा रंग उतरलेला.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," ते म्हणाले. "पोलिसांना नाही सांगितलं. काल मी इथे आलो होतो. साडेअकराला."

माझ्या हातातलं भिंग खाली पडलं.

"दार बंद होतं. मी ठोठावलं, हाका मारल्या. कुणी उघडलं नाही. पण आत कुणीतरी होतं. नळाचा आवाज येत होता. कुणी भांडी धुतं तसा. मला वाटलं, तुमचे बंधू मुद्दाम उघडत नाहीयेत, काम रखडलंय म्हणून. मी रागाने निघून गेलो." ते खुर्चीत बसले. "मी दार ढकललं असतं तर?"

त्यांनी सांगितलेलं खरं असेल, तर दादा खाली पडलेला असताना कुणीतरी शांतपणे कप विसळत उभं होतं. खोटं असेल, तर तो माणूस आत्ता माझ्यासमोर बसला होता आणि कडी मी माझ्या हाताने काढली होती.

"हॉटेलवाला काय म्हणाला होता या कोऱ्या जागेबद्दल?" मी विचारलं.

"यंत्र आलं तेव्हापासूनच तसं आहे म्हणाला. तीस वर्षं झाली म्हणे."

दुपारी मी यंत्र आणणाऱ्या टेम्पोवाल्याला गाठलं. यंत्राचा पाय मोडला म्हणून दादाचं आणि त्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि 'बघून घेतो' असंही तो म्हणाला होता. आता माझ्याकडे बघून त्याने दोन्ही हात वर केले. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"ताई, तुमच्या त्या यंत्रानेच केलंय हे. उतरवताना चेंगरला. या हाताने मी बोल्ट काय काढणार, बटण लावायला बायको लागते."

"एवढं जड असतं?"

"चार माणसं लागली. आणि जिना असता ना, तर मी हातच लावला नसता. याला सरळ, सपाट दार पाहिजे."

बाबांच्या खेळघराला पुढून अरुंद जिना होता. तेव्हा ते माझ्या मनात आलं आणि तसंच निघून गेलं. घरी जाताना सारखं वाटत होतं की मागून कुणीतरी चालतंय. मी तीनदा वळून पाहिलं. कुणी नव्हतं, पण त्याने भीती कमी होत नाही.

४

तिसऱ्या दिवशी सकाळी छपाईमामा घरी आले. त्यांना बघून मला रडूच फुटलं.

बाबा गेल्यावर आमच्या डोक्यावर यांचाच हात. काचेवर उलटं चित्र कसं रंगवायचं ते मला यांनीच शिकवलं. आधी डोळ्यातली चमक, मग डोळा, मग चेहरा, आणि सगळ्यात शेवटी मागचं आभाळ. चुकलं की ब्रशच्या दांड्याने हातावर टपली. सत्तरी आली तरी माणूस ताठ आणि टापटिपीचा. लग्न केलं नाही, सगळं आपल्या हाताने करायची सवय.

"तापाने अंथरुणाला खिळलो होतो गं पोरी," ते चहा घेताना म्हणाले. "पंधरा दिवस घराबाहेर पाऊल नाही टाकलं. ते यंत्र नाही बघितलं, काच नाही बघितली. आणि इकडे हे असं." डोळे पुसून त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. "पण म्हटलं, तुझं काम अडायला नको. ते सर्कसचं चित्र माझ्या डोक्यात पक्कं आहे. तिथे ढोल होता. आठवून काढलाय बघ. बसव आणि देऊन टाक त्या दातवाल्याला. ती काच घरात नको आता, अपशकुनी मेली."

ढोल सुरेख होता. हात अजून तसाच.

"मामा, काचेवर काय होतं ते सापडलं म्हणाला होता दादा. ढोल सापडला म्हणून मला खाली बसायला का सांगेल तो?"

"तो काहीही बोलतो. तुला माहीत नाही का?" ते उठले, आपला कप मोरीत नेऊन विसळला आणि कट्ट्यावर पालथा घातला. "तू जा वर्कशॉपला. तुझ्या वहिनीलाही मी घरी धाडतो, दोन रात्री जागी आहे ती. आज पोराजवळ मी बसतो."

मी त्यांच्या पाया पडले. हे आठवलं की आजही मला कसंतरी होतं.

५

वर्कशॉपमध्ये आल्यावर मी ढोलाचा कागद काचेच्या कोऱ्या जागेवर पुढून ठेवला. जमेना. बाई चालते ती दोरी ढोलामागून जाते, पण कागदावरची दोरी काचेवरच्या दोरीला कुठेच भेटत नव्हती. आठवून काढलंय, एवढं चालायचंच, असं मी स्वतःला म्हटलं. काचेवर धूळ होती. पुसण्यासाठी मी वाकून जोरात हाऽ केलं.

वाफेत एक चेहरा उमटला.

मी स्टूल उलथवून मागे भिंतीला जाऊन टेकले. वाफ विरली, चेहरा गेला. मग समजलं. रंग काचेवर वाळला की काचेला चावतो. खरवडला तरी खूण राहते, डोळ्यांना न दिसणारी, आणि वाफ धरली की दिसते. दादाला हेच सापडलं होतं. मी पुन्हा जवळ गेले आणि पुन्हा श्वास सोडला.

दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. तोंडभर हसू. पुढचा एक दात नाही. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा.

ती मी होते.

मी खाली बसले. दादाने सांगितलंच होतं.

रडणं बाजूला ठेवून मी विचार करायला लागले. भीतीपेक्षा विचार बरा. माझा दात त्या शेवटच्या दिवशी सकाळी पडला. म्हणजे बाबांनी हे चित्र त्याच दुपारी काचेवर काढलं, मी घरी गेल्यानंतर. म्हणजे त्या दुपारपर्यंत यंत्र खेळघरात होतं. आणि आगीत जळालं नाही, माझ्यासमोर आहे. म्हणजे चित्र झाल्यावर आणि आग लागण्याआधी, कुणीतरी ते बाहेर काढलं. जिन्यावरून ते जात नाही. गेलं असेल तर मागच्याच दाराने.

आणि मागच्या दाराला मी कुलूप लावलेलं होतं. जुडगा माझ्या गळ्यात होता.

दुसरी किल्ली होती. कुणाकडे तरी होती. त्याने कुलूप उघडलं, यंत्र नेलं, पुन्हा कुलूप लावलं आणि पुढे जाऊन आग लावली. हा चेहरा खरवडला, कारण त्या दिवसाची तारीखच या हसण्यात होती.

इथे ढोल कधीच नव्हता. मग मामांना ढोल का आठवला? मी कागद उचलला, उजेडाकडे धरला आणि उगाच उलटा करून पुन्हा तिथेच ठेवला.

दोरीला दोरी भेटली. सिंहाच्या शेपटीला शेपटी भेटली. खरवडलेल्या जागेची कड न कड जुळली.

आठवून असं कुणी काढू शकत नाही. ही कड फक्त दोन ठिकाणी होती, या काचेवर आणि दादाच्या हरवलेल्या फिल्मवर. काच मामांनी पाहिली नव्हती, असं तेच म्हणाले. ढोल काढणाऱ्यासमोर फिल्म होती, आणि त्याने ती उलटवून घेतली होती. दंतवैद्य असता तर जशी दिसते तशीच उतरवली असती. उलटवेल तो आमच्या धंद्यातला, कारण आमच्यात फिल्म नेहमी मागून लावतात आणि मग उलटवून बघतात. दादाने पुढून लावली होती. चिकटपट्टीचे तुकडे अजून काचेच्या पुढच्या बाजूला होते.

दोन कप, धुऊन पालथे घातलेले. सकाळी तिसरा.

फोन वाजला. वहिनीचा निरोप होता. 'मामा आलेत, तुझ्या दादाजवळ बसलेत. मी घरी जाऊन अंघोळ करून येते.'

६

तिसऱ्या वेळी वॉर्डात फोन लागला. "माझ्या भावाच्या खोलीत जा आणि तिथेच उभ्या राहा," मी नर्सला म्हणाले. "काहीही झालं तरी बाहेर येऊ नका. तुमच्या पाया पडते." मग इन्स्पेक्टरबाईंना फोन केला. रिक्षात काय काय मनात आलं ते लिहिण्यासारखं नाही.

खोलीत नर्स हाताची घडी घालून, कपाळाला आठी घालून उभी होती. मामा खाटेजवळ खुर्चीत बसले होते. त्यांच्या मांडीवर उशी होती.

"बरं झालं आलात," नर्स म्हणाली. "हे सारखे म्हणतायत तुम्ही जा, तुम्ही जा."

"डोक्याखाली नीट ठेवणार होतो," मामा म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मायेचा.

मागून इन्स्पेक्टरबाई आल्या आणि दारातच थांबल्या. ढोल जुळवून बघताना काचेच्या कडा मी बटर पेपरवर उतरवल्या होत्या. त्या मामांसमोर धरल्या, वर त्यांचा ढोल ठेवला. जुळला नाही. मग ढोल उलटा केला.

ते बघत राहिले. चाळीस वर्षं याच कामात गेलेला माणूस, त्याला समजायला क्षणही लागला नाही.

"गाढवाने फिल्म पुढून लावली होती?"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो. उशी मांडीवरून घसरून खाली पडली.

"दुसरी किल्ली तुमच्याकडे होती," मी म्हणाले.

"तो यंत्र विकत नव्हता. मी किती विनवलं. मला तेव्हा नवीन प्रेस उभं करायचं होतं." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तो जेवायला घरी गेलाय असं वाटलं मला. आईशप्पथ. यंत्र चढवून हमालांना घालवलं, आग लावून मी मागे आलो, टेम्पोजवळ. तेव्हा दार वाजायला लागलं. आतून."

"आणि किल्ली?"

त्यांनी उजव्या हाताचा पंजा उघडून पाहिला, जणू अजून तिथे असेल.

"मला तुम्ही सांगितलंत, कुलूप तू लावलंस. कुणाला सांगू नकोस," मी म्हणाले. "मी सात वर्षांची होते, मामा."

इन्स्पेक्टरबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

७

दादाने पाचव्या दिवशी डोळे उघडले. आनंदाच्या भरात त्याने आधी मामांना फोन केला होता, मग मला. तेवढं सांगून तो दमला. मी त्याला कुलपाचं सांगितलं, तीस वर्षांनी. तो म्हणाला, "येडी आहेस. एवढं एकटीने ठेवलंस?" आणि माझा हात सोडेना.

दंतवैद्यांनी काच माझ्यावर सोपवली. मी रोज वाफ धरून थोडं थोडं ट्रेस केलं, मागून, नीट. रंगवताना लहान गोष्टी आधी. म्हणून किल्ल्यांचा जुडगा सगळ्यात पहिला काढला.

पडलेल्या दाताची जागा काळी करायला ब्रश बुडवला आणि थांबले. चेहऱ्यावर सगळीकडे रंगाने काच चावली होती, एवढ्या ठिपक्याएवढ्या जागेत मात्र ती गुळगुळीत होती. तिथे बाबांनी रंग लावलाच नव्हता. मी काच पेटीत धरून पाहिली. त्या जागेच्या बरोबर मागे एक बल्ब होता.

मी तेवढी जागा कोरी ठेवली.

दादाला घरी आणलं त्या दिवशी दुपारी आम्ही यंत्र जोडलं. डोक्याला पट्टी बांधलेला दादा स्टुलावर बसला आणि त्याने एका हाताने गोळी सोडली. ती घरंगळत घंटीवर आदळली. पेटीतला दिवा लागला आणि चित्रातल्या माझ्या तोंडात, पुढच्या त्या जागी, पांढराशुभ्र दात चमकला.

"बसवला की गं बाबांनी," दादा म्हणाला.

मी त्याला पुन्हा एक गोळी सोडायला सांगितलं.